पिकअपच्या बेडमध्ये फिफ्थ-व्हील हिच: आधी वजन, मग टेप, ड्रिल सगळ्यांत शेवटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. २०१९ चा राम २५०० पिकअप, क्रू कॅब, कमिन्स डिझेल, बेड (मागचा उघडा हौदा) ६ फूट ४ इंचांचा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर पेलोड, म्हणजे माणसांसकट ट्रकनं स्वतःवर घ्यायचं जास्तीत जास्त वजन, २,१८० पौंड. बघून ठेवलेला जुना फिफ्थ-व्हील ट्रेलर ८ फूट रुंद, भरून जास्तीत जास्त १२,००० पौंडांचा. विकणारा म्हणतो, सोळा हजारी हिच (सोळा हजार पौंड ओढणारी, ट्रेलर अडकवायची जोडणी) बेडमधल्या आडव्या रेलवर ठोका आणि निघा. बेडमध्ये कारखान्यातून आलेले पक, म्हणजे हिचचे पाय अडकवायची घरं, नाहीत. उन्हाळ्यात टेक्सासहून कोलोरॅडोला जायचंय, घरात दोन मोठी माणसं आणि दोन शाळकरी मुलं. हिच कोणता घ्यावा, जुना चालेल का, आणि मित्राला मदतीला घेऊन घरीच बसवता येईल का?

घरी बसवता येतो. हाताशी टॉर्क रेंच, चांगला ड्रिल आणि खाली सरपटायची तयारी असली तर दोन माणसांचं एका दिवसाचं काम आहे. पण या ट्रकवर या ट्रेलरसाठी बसवू नका. हिच सोळा हजारी असो की वीस हजारी, तुमचं गणित हिचपाशी अडत नाही, ट्रकपाशी अडतं.

बंपरमागे जोडायच्या ट्रेलरचं साधारण १० ते १५ टक्के वजन ट्रकवर येतं. फिफ्थ-व्हीलमध्ये किंगपिन, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या भागाखालची जाड पिन, थेट मागच्या ॲक्सलच्या डोक्यावर बसते आणि १५ ते २५ टक्के वजन ट्रकच्या पाठीवर येतं. म्हणून तर हा ट्रेलर रस्त्यावर शेपटी हलवत नाही, बाजूच्या वाऱ्याला आणि शेजारून जाणाऱ्या अठराचाकीला दाद देत नाही. न्हावाशेवा बंदराच्या रस्त्यावर कंटेनर ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या पाठीवर ग्रीसनं माखलेली, खाच असलेली तबकडी पाहिली असेल. तेच तंत्र. फरक एवढाच, की तो ट्रॅक्टर पाठीवर ओझं घेण्यासाठीच बांधलेला असतो आणि तुमचा पिकअप मुळात सामान नेणारं वाहन आहे.

आता आकडे मांडू. १२,००० चे २० टक्के म्हणजे पिनवर २,४०० पौंड. चार माणसं ५५० धरू. सरकता हिच २३० च्या आसपास. बेडमधलं हत्यारं-जॅक वगैरे १००. बेरीज ३,२८०. स्टिकर म्हणतो २,१८०. म्हणजे तुम्ही ११०० पौंडांनी वर आहात, आणि ट्रेलर अजून घराबाहेरही पडलेला नाही.

विकणारा ट्रेलरच्या पत्रकातलं पिनचं वजन दाखवेल, ते कमी असेल. ते रिकाम्या ट्रेलरचं असतं. त्यात बॅटऱ्या, गॅसचे भरलेले सिलिंडर, तुमचं सामान काहीच धरलेलं नसतं. शिवाय फिफ्थ-व्हीलची सामानाची मोठी कोठी पुढच्या भागात, पिनच्या जवळ असते. तिथे ठेवलेल्या वजनाचा बराच वाटा सरळ ट्रकवर येतो. आपल्या लोकांच्या ट्रेलरमध्ये कणकेची वीस पौंडी पिशवी, तांदूळ, दोन कुकर आणि पाण्याचे कॅन हमखास त्याच कोठीत सापडतात. म्हणून मी भरलेल्या वजनाच्या २० टक्क्यांखाली कधी धरत नाही, आणि पुढे कोठी मोठी असेल तर २२ धरतो.

तुम्ही म्हणाल, पण ओढण्याची क्षमता तर पंधरा हजारांच्या वर लिहिली आहे! लिहिली आहे, आणि खरीही आहे, इंजिन ओढेल. ओढणं आणि पाठीवर घेणं या दोन वेगळ्या मर्यादा आहेत आणि फिफ्थ-व्हीलमध्ये जवळजवळ नेहमी दुसरी आधी संपते. त्यातही तुमच्या २५०० सारख्या ‘पाऊण टनी’ वर्गातल्या ट्रकची गोम अशी, की त्याचं भरलेलं एकूण वजन बरेचदा १०,००० पौंडांवर बांधून ठेवलेलं असतं. त्यात डिझेलचं जड इंजिन टाकलं की तेवढा पेलोड कमी होतो. साध्या पेट्रोल इंजिनाच्या २५०० ला बरेचदा डिझेलपेक्षा जास्त पेलोड मिळतो, हे अनेकांना पटत नाही. स्टिकर बघा, पटेल.

मागे हवेचे फुगे बसवून भागेल का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी सुचवणारच. २५०० ला मागे कॉइल स्प्रिंग आहेत, ते पिनच्या ओझ्यानं चांगलेच दबतात. फुगे लावले की ट्रक सरळ दिसतो. दिसतो, एवढंच. ॲक्सल, चाकं, टायर, ब्रेक तेच राहतात आणि स्टिकरवरचा आकडा एका पौंडानंही वाढत नाही. असं ओझं घेऊन रोज फिरणारे लोक आहेत, त्यांचं काही बिघडलेलं नाही असं ते सांगतील. कोलोरॅडोत आय-७० वर आयझेनहॉवर बोगद्यातून बाहेर पडल्यावर सात टक्क्यांचा उतार मैलोगणती चालतो. तिथे माझ्या मुलांना मी त्या ट्रकमध्ये बसवणार नाही.

तेव्हा वाटा दोनच. हाच ट्रक ठेवायचा असेल तर ट्रेलर हलका घ्या. २,१८० तून ८८० वजा केले की पिनसाठी १,३०० उरतात, म्हणजे भरून साडेसहा हजारांचा ट्रेलर. एवढे हलके फिफ्थ-व्हील कमीच मिळतात, त्यापेक्षा बंपरमागचा चांगला ट्रेलर घेतलेला बरा. नाहीतर ट्रक बदला. एकेरी मागच्या चाकांचा राम ३५०० घेतलात, तर पेलोड चार हजारांच्या आसपास मिळतो आणि तुमचे ३,२८० त्यात बसतात. घेताना त्याच ट्रकचा स्टिकर वाचा, पत्रकातला आकडा नको. सनरूफ आणि चामड्याच्या सीटांनीसुद्धा फरक पडतो. बेडमध्ये कारखान्याचे पक असलेलाच शोधा. त्यासाठी थोडे जास्त मोजावे लागले तरी मोजा, कारण का ते पुढे येईल.

पुढचं सगळं तुम्ही ३५०० घ्याल असं धरून. बेड मात्र बहुधा तोच ६ फूट ४ इंचांचा असेल, कारण आठफुटी बेडचा ट्रक घराच्या गॅरेजात मावत नाही म्हणून बरेच जण घेत नाहीत. आणि लहान बेडमध्ये खरी डोकेदुखी कॅबच्या मागच्या काचेची असते.

टेप घ्या. मागच्या चाकाच्या मध्यापासून सरळ वर बेडच्या काठावर खूण करा. त्या खुणेपासून कॅबच्या मागच्या भिंतीपर्यंत मोजा. लहान बेडमध्ये हे अंतर साधारण चाळीस इंच भरतं. पिन या खुणेच्या वर किंवा एक-दोन इंच पुढे बसायला हवी. रस्त्यावर चालताना मागे कधीच नको, नाहीतर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. आता ट्रेलर काटकोनात वळला असं समजा. त्याची बाजूची भिंत पिनपासून अर्ध्या रुंदीइतकी पुढे येते. ८ फूट म्हणजे ९६ इंच, अर्धे ४८. तुमच्याकडे आहेत चाळीस. आठ इंचांनी काच गेली.

यातही एक पोटभेद आहे. पिन ट्रेलरच्या पुढच्या भिंतीपेक्षा मागे असेल, तर भिंतीचा कोपरा काटकोन होण्याच्या थोडं आधीच सर्वांत पुढे येतो. बारा इंच मागे असेल तर ४८ ऐवजी साडेएकोणपन्नास इंच लागतात. उलट अलीकडच्या ट्रेलरांचे पुढचे कोपरे चांगलेच गोल केलेले असतात, त्यामुळे काही इंच परतही मिळतात. म्हणून कागदावरच्या हिशेबावर थांबू नका. मोकळ्या मैदानात, एक माणूस बाहेर उभा करून, गोगलगायीच्या चालीनं ट्रक वळवत न्या आणि कॅबपासून हाताचा पंजा राहील तिथे थांबा. तो कोन लक्षात ठेवायचा. साडेआठ फूट रुंदीचा ट्रेलर असेल तर ही चाचणी अजिबात टाळू नका.

हायवेवर असला कोन कधी येत नाही. येतो तो कॅम्पच्या जागेत मागे घेताना, किंवा अरुंद पेट्रोल पंपावर कुणीतरी हॉर्न वाजवत असताना.

लहान बेडला यावर तीन उपाय आहेत. पहिला, हातानं सरकणारा हिच. उतरायचं, खिट्टी काढायची, ट्रेलरचे ब्रेक धरून ट्रक हळूच पुढे घ्यायचा; हिचचं डोकं दहा-बारा इंच मागे सरकतं. काम झालं की परत पुढे आणून अडकवायचं. ४० अधिक १० म्हणजे ५०, तुम्हाला ४८ हवेत. पुरतं, पण ऐसपैस नाही. अडचण यंत्राची नसते, माणसाची असते: पावसात, अंधारात, मुलं भुकेली असताना खाली उतरायचा कंटाळा येतो आणि ‘एवढ्याशा वळणाला काय होतंय’ म्हणत काच फुटते. दुसरा उपाय, आपोआप सरकणारा हिच. पुलराइटचा सुपरग्लाइड हे त्यातलं जुनं नाव. ट्रेलर वळला की डोकं स्वतःच मागे जातं, सरळ झाला की पुढे येतं. जड आहे, महाग आहे, पिनबॉक्सला (ट्रेलरची पिन धरणाऱ्या पेटीला) एक पट्टी कायमची लावावी लागते. तिसरा, ट्रेलरच्या बाजूचा: रीसचा साइडवाइंडर. त्यात वळण्याचा बिंदूच पिनपासून मागे, ट्रेलरच्या खाली नेलेला असतो आणि किंगपिन हिचमध्ये पाचर मारून घट्ट केलेली असते. पाचर तुमच्या हिचच्या मॉडेलचीच लागते आणि ट्रेलरच्या सांगाड्याच्या कंपनीची मान्यता आधी विचारावी लागते.

तुमचे आकडे पाहता मी आपोआप सरकणारा घेईन. त्याचं जास्तीचं वजन ३५०० च्या पेलोडमध्ये मावतं. बजेट बसत नसेल तर हाताचा घ्या, पण पुढे नेऊन अडकवल्याची खूण म्हणून हँडलवर लाल रिबीन बांधा, आरशात दिसेल अशी.

गूजनेकच्या, म्हणजे बेडच्या मध्यावर बसवलेल्या, बॉलवर बसवायला पिनबॉक्सला लांब नळकांडं जोडणारे अडॅप्टर बाजारात आहेत. स्वस्त, हलके, बेड मोकळा. मला ते नकोत. तरफेची लांबी वाढते, प्रत्येक ब्रेकला आणि प्रत्येक खड्ड्याला ट्रेलरच्या पुढच्या सांगाड्यावर पीळ पडतो आणि काही सांगाड्यांची वॉरंटी त्यावरच रद्द होते.

आता जोडणी. ट्रकला हिच धरतो तीन प्रकारे. कारखान्याचे पक असले तर चासीतच चार कोपऱ्यांना चार घरं आणि मध्ये बॉलसाठी एक असते. हिचचे पाय त्यात घालायचे, फिरवायचे, झालं. फोर्डनं २०११ च्या सुपर ड्यूटीत हे आणलं, रामनं २०१३ च्या मॉडेलपासून. म्हणून वर म्हटलं की असा ट्रक शोधा: एकही भोक पाडावं लागत नाही, हिच काढला की बेड सपाट. दुसरा प्रकार, बेडखाली गूजनेकचा सांगाडा बसवून त्याच्या मधल्या भोकात एकाच खांबावर उभा राहणारा हिच. बी अँड डब्ल्यूचा कम्पॅनियन हा त्यातला सगळ्यांना माहीत असलेला. यात बेडला मुख्य भोक एकच. तिसरा, सगळ्यांत जुना, दोन आडव्या रेलचा. तुम्हाला पक नसलेलाच ट्रक मिळाला तर बहुधा याच्यावरच याल, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर.

रेल नुसते बेडच्या पत्र्याला आवळायचे नसतात. त्यांचे बोल्ट पत्र्यातून खाली उतरून चासीला धरलेल्या ब्रॅकेटमध्ये गेले पाहिजेत. तुमच्या ट्रकच्या मॉडेलचा आणि वर्षाचाच ब्रॅकेट संच घ्या. तो चासीवरच्या आधीच्या भोकांत बसतो. चासीला नवं भोक पाडू नका, वेल्डिंग तर मुळीच करू नका. त्या पोलादाला वेल्डिंगची आच मानवत नाही. संच आणि हिच एसएई जे२६३८ या हिचच्या चाचणीच्या मानकाप्रमाणे तपासलेला आहे का ते खोक्यावर किंवा माहितीपत्रकात बघा.

बेडमध्ये प्लॅस्टिकचं सुटं लायनर असेल तर रेलच्या जागी कापून काढा. प्लॅस्टिकवर आवळलेला बोल्ट हमखास सैल होतो. फवारलेलं लायनर चालतं.

रेलची जागा ठरवताना पत्रकातलं पुढच्या रेलचं अंतर ॲक्सलच्या खुणेपासून धरा, बेडच्या कडेपासून नव्हे. मग दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले की चौकट काटकोनात आहे. डाव्या-उजव्या बाजूला चाकांच्या कमानींपासूनही मोजा आणि खालून चासीशी ताडून पाहा.

ड्रिल हातात घेण्याआधी ट्रकखाली जा. टॉर्च लावून प्रत्येक भोकाच्या जागेखाली काय आहे ते बघा: डिझेलची टाकी, तिच्या नळ्या, ब्रेकच्या नळ्या, वायरिंगचा जुडगा, सायलेन्सरवरचं उष्णतेचं कवच. वायरिंग सरकवून बांधून ठेवा, स्पेअर चाक उतरवा. आधी बारीक बिटनं भोक पाडा, परत खाली जाऊन बघा, मगच मोठं करा. बिटच्या पात्याला लाकडाचा ठोकळा ओवून ठेवला तर पत्रा फुटताच ड्रिल खाली धाडकन जात नाही. भोकाच्या कडांना गंजरोधक रंग लावा, एका पावसाळ्यात फरक दिसतो.

पत्रा नालीदार असतो. रेल उंचवट्यावर बसतो आणि खाली पोकळी राहते. संचात त्या पोकळीसाठी यू आकाराचे लोखंडी तुकडे येतात, ते वगळले की बोल्ट आवळताना पत्रा चेपतो, आणि चेपलेला पत्रा पुढे दबत राहून बोल्ट ढिला करतो. ‘जास्तीचे सुटे भाग उरले’ असं कुणी म्हणालं की मी पहिल्यांदा हेच तुकडे शोधतो.

सगळे बोल्ट आधी हातानं लावा, हिच रेलमध्ये बसवून बघा, पाय सहज उतरले की मग आवळा, आणि पत्रकात दिलेल्या टॉर्कवरच. पहिल्या पन्नासेक मैलांनंतर परत एकदा, आणि त्यानंतर हंगाम सुरू होताना दरवेळी.

उंची. सपाट जमिनीवर ट्रेलर पाण्याच्या पातळीनं सरळ करा, पिनच्या तबकडीची (ट्रेलरखाली पिन जिला जोडलेली असते तिची) जमिनीपासूनची उंची मोजा. ट्रक ओझ्यानं दोन-तीन इंच बसेल हे धरून हिचच्या डोक्याची उंची ठेवा. बेडचा काठ आणि ट्रेलरचं पोट यांत सहा इंच तरी हवेत. ट्रक नाल्यातून तिरका चढताना हेच अंतर खर्ची पडतं. अलीकडचे फोर-बाय-फोर इतके उंच आहेत की सहा इंच ठेवले की ट्रेलरचं नाक वर जातं आणि ओझं त्याच्या मागच्या ॲक्सलवर सरकतं. दोन्ही जमत नसेल तर काठाचं अंतर सोडू नका. ट्रेलर दुरुस्त करणाऱ्या गॅरेजात तो त्याच्या ॲक्सलवर उंच करून घ्या.

वायरिंगला सातपिनी सॉकेट बेडच्या आत, ड्रायव्हरच्या बाजूला टेलगेटजवळ बसवा. कारखान्याच्या वायरिंगमध्ये मधोमध जोडणारा तयार तुकडा मिळतो, तारा कापायची गरज नाही. ट्रेलर सुटला तर ब्रेक लावणारी बारीक केबल ट्रकला अडकवा, हिचला नको. हिचच उखडला तर ती केबल त्याच्याबरोबर जाईल आणि ब्रेक लागणारच नाहीत.

शेवटी जोडण्याची रीत, कारण बहुतेक ट्रेलर पडतात ते बोल्ट तुटून नव्हे, पिन नीट न अडकल्यामुळे. ट्रेलरच्या चाकांना अडण्या लावा. पिनची तबकडी हिचच्या डोक्यापेक्षा अर्धा-एक इंच खाली ठेवा, म्हणजे ट्रक मागे येताना ट्रेलर किंचित उचलला जातो. तबकडी वर राहिली तर पिन जबड्याच्या वरच्या टोकाला टेकते, हँडल बंद झाल्यासारखं दिसतं, आणि पहिल्याच चढाला ट्रेलर बेडच्या काठांवर आपटतो. पिनवर प्लॅस्टिकची चकती लावणार असाल तर हिचच्या पत्रकात किती जाडी चालते ते बघा. जाड चकतीनं हेच होतं.

जोडल्यावर टॉर्च घेऊन वाका आणि जबडा पिनभोवती पूर्ण मिटलाय का, तबकडी आणि डोकं यांत फट नाही ना, ते डोळ्यांनी बघा. हँडलची कुलूपपिन लावा. वीज आणि केबल जोडा. आता ट्रेलरचे पुढचे पाय जमिनीपासून फक्त इंचभर उचला, कॅबमधल्या ब्रेक कंट्रोलरच्या दांड्यानं ट्रेलरचे ब्रेक दाबून धरा आणि ट्रक हलकेच पुढे ओढा. ट्रक अडला पाहिजे. पिन सुटलीच तर ट्रेलर इंचभर खाली पायांवर बसेल, बेडवर नाही. यानंतरच पाय पूर्ण वर घ्या आणि अडण्या काढा. कुणी गप्पा मारायला आलं तर काम अर्धवट सोडून बोलू नका, आणि सोडावं लागलंच तर पहिल्यापासून सुरू करा.

पहिल्या प्रवासाआधी भरलेला ट्रेलर घेऊन ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केल या वजनकाट्यावर जा. एकदा जोडून, माणसं आत बसवून. एकदा नुसता ट्रक, तीच माणसं घेऊन. दोन पावत्यांतल्या ट्रकच्या वजनातला फरक म्हणजे तुमचं खरं पिनवजन. ते ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १५ टक्क्यांखाली गेलं असेल तर सामान पुढे सरकवा.

लायसन्सबद्दल: टेक्सासमध्ये ट्रक आणि ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या मर्यादा मिळून २६,००० पौंडांच्या आत असल्या तर साधं लायसन्स चालतं, तुम्ही आत आहात. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मित्राला हाच ट्रेलर चालवायचा तर १०,००० च्या वरच्या फिफ्थ-व्हीलसाठी वेगळी नोंद करून घ्यावी लागते.

जुना हिच घेऊ का, असंही शेवटी विचारलंय. घ्या, पण लेबल शाबूत असलेलाच, म्हणजे ओढायची आणि उभ्या ओझ्याची दोन्ही क्षमता वाचता येतील. सोळा हजारी हिचला उभं ओझं साधारण ४,००० असतं, तुमच्या २,४०० ला पुरेसं. जबड्यात किंगपिनच्या मापाचा, दोन इंची गज घालून हलवून बघा, खडखड मोठी असेल तर नको. वेल्डच्या कडेला रंगात केसासारखी रेघ दिसली, तर कितीही स्वस्त असला तरी तिथेच ठेवून या.